बिनखुणेची चादर

दरवर्षी वर्गातलं कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. यंदा खिडकीपाशी बसणाऱ्या मुलीनं विचारला. "टीचर, अनदर, मोअर आणि एक्स्ट्रा, तिन्हींचा अर्थ 'आणखी'च ना? मग एवढे शब्द कशाला लागतात त्यांना?"

मी खडू घेऊन फळ्याकडे वळले. कोणत्या नामाआधी कोणता शब्द बसतो याचा तक्ता मला तोंडपाठ आहे, तो शिकवायचा मला पगार मिळतो. पण तक्त्याच्या आधी माझ्या डोळ्यांपुढे नेहमी एक पांढरी खोली येते. इस्त्रीची वाफ, चादरींचे छताला टेकलेले ढीग, आणि भिंतीवरचा तो काळा फोन. मग मी तशीच उभी राहते, आणि मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारतात. टीचरची समाधी लागली म्हणतात. लागू दे. त्या खोलीत जायला मला हल्ली दुसरी वाट उरलेली नाही.

ती खोली मावशीची. मावशी म्हणजे माझी सावत्र आई, पण सावत्र हा शब्द मला पहिल्यापासून आवडत नाही. त्यात कुणीतरी आधीच डोळे वटारून बसलेलं असतं. तिनंच पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं, "मला मावशी म्हण. आई तुझी तुला आहेच." आई तेव्हा नव्हती. मी अगदी लहान असताना ती आजारपणात गेली होती. पण मावशी बोलली ती अशी, की जणू आई शेजारच्या खोलीत काहीतरी निवडत बसलीय.

मावशी एका मोठ्या हॉटेलात लिनन रूम सांभाळायची. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, ब्लँकेटं, सगळं तिच्या ताब्यात. खोली तळघरात होती. तिची एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. दुपारी ऊन तिरपं झालं की त्या पायांच्या लांब सावल्या चादरींच्या ढिगांवरून सरकत जायच्या. शाळा सुटली की मी तिथे जाऊन एखाद्या ढिगावर आडवी व्हायची. चादरी नुकत्याच इस्त्रीखालून आलेल्या असायच्या, पाठीला ऊब लागायची. डोळे मिटले की वाटायचं, सावल्या माझ्याच अंगावरून चालतायत, आणि कुणाचंही वजन लागत नाहीये.

आणि मग फोन वाजायचा.

वरच्या मजल्यांवरून परदेशी पाहुण्यांचे आवाज तारेतून खाली यायचे. मावशी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरायची, म्हणजे मलाही ऐकू यायचं. अनदर पिलो. मोअर टॉवेल्स. ॲन एक्स्ट्रा ब्लँकेट, प्लीज. मावशी "येस, सर" किंवा "येस, मॅडम" म्हणायची आणि वस्तू काढायला लागायची. तिचं सगळं इंग्रजी त्या फोनमधून आलेलं. बोलायला बेताचंच, पण ऐकायला पक्कं. मागणाऱ्याला झोप येत नाहीये, थंडी वाजतेय, की नुसतं कुणाशी तरी बोलायचंय, हे तिला पहिल्या शब्दावरून कळायचं. निदान ती तसं म्हणायची, आणि मी डोळे मिटून विश्वास ठेवायची.

"अनदर म्हणाला ना, की त्याला आहे तस्संच एक हवं असतं," ती अभ्र्यात उशी कोंबत सांगायची. "उशी आहे, तिला जोडीदार हवा. मग ती दोघं एकाच पलंगावर राहणार. मोअर म्हणाला की त्याचा हिशेबच नसतो. टॉवेल म्हण, पाणी म्हण, ओतत राहा."

"आणि एक्स्ट्रा?"

"एक्स्ट्रा म्हणजे वरचं. खोलीचं आपलं सगळं खोलीत असतंच. हे वरून दिलेलं. गरज सरली की खाली आणायचं."

ॲडिशनल या शब्दाची ती टिंगल करायची. तो फक्त मॅनेजरच्या तोंडी, नाहीतर दारामागे चिकटवलेल्या सूचनांमध्ये. "ओल्या केसांनी टॉवेल मागणारं माणूस कधी ॲडिशनल म्हणेल का? गळ्यात टाय असल्याशिवाय तो शब्द निघतच नाही." फर्दर तर तिला मुळीच आवडायचा नाही. लिफ्ट बिघडली की तिच्यावर पाटी लागायची, फर्दर नोटीसपर्यंत बंद. "हा मेला कधी काही घेऊन येत नाही," ती जिना चढताना करवादायची, "नुसता थांबायला सांगतो."

एकदा वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्यानं मुक्काम वाढवला. म्हातारी फोनवर म्हणाली, अनदर टू डेज. मी ढिगावरून ताडकन उठून बसले. नुकतंच शाळेत शिकले होते, अनदर म्हणजे एक. मग दोनांच्या आधी तो कसा? मावशीनं इस्त्री उभी केली आणि थोडा विचार केला. "दोन्ही दिवसांचं एकच गाठोडं बांधलं असेल तिनं," ती म्हणाली. "सुटे दिवस नकोयत तिला." पुढे कॉलेजात मोठाल्या पुस्तकांत मी हेच वाचलं, फक्त त्यात गाठोडं नव्हतं. आपल्याकडे बिचारा 'आणखी' एकटाच सगळ्या मजल्यांवर पळतो, असं मला तेव्हा वाटायचं, आणि त्याची दया यायची.

आता लाल दोऱ्याविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे. हॉटेलच्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात मावशी लाल दोऱ्यानं खोलीचा नंबर भरायची. ती त्या खोलीची खूण. धुऊन आलेली चादर पुन्हा त्याच खोलीत जायची. पण एक्स्ट्रा म्हणून जे सामान ठेवलेलं असे, त्याला खूण नसे. ते दाराजवळच्या वेगळ्या कपाटात, घडी घालून, कधीही उचलता येईल असं. पाहुण्यानं रात्री मागितलं की वर जायचं, सकाळी खाली यायचं. कुठल्याच खोलीचं नसल्यामुळे त्याचा रंगही लवकर विटायचा नाही. मला त्यातली चादर जास्त आवडायची, अगदी कोरी. लहान होते. कोरेपणात काय असतं ते कळत नव्हतं.

बाबांचं चाव्यांचं दुकान हॉटेलच्या मागच्या फाटकासमोर होतं. दुकान कसलं, एक खोकंच, पण आतून भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या. पाहुणे किल्ल्या हरवायचे, आणि त्यांच्या जोडकिल्ल्या करून घ्यायला मावशी यायची. स्पेअर की, असं ती म्हणायची. वारंवार यायची. बाबा कानस चालवता चालवता खाली मान घालून म्हणायचे, "एवढ्या किल्ल्या लागतात तरी कशाला? खाता की काय तिथे?" ती म्हणायची, "स्पेअर आहेत हो. वापरायची वेळ येऊ नये म्हणून करतात त्या." यावर बाबा का हसायचे, मला कळायचं नाही. पण ते हसतात हे मला कळायचं, कारण आई गेल्यापासून ते हसलेले मी पाहिले नव्हते.

लग्न झालं, गाजावाजा काही नाही. आत्यानं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीनं, सगळी सूत्रं हातात घेतली होती. आत्या मनानं वाईट नाही, पण तिच्या जिभेला हाड नाही. चार माणसं चहा पीत बसली होती आणि ती मावशीसमोरच सगळ्यांना सांगत होती, "पोरीसाठी आणली हो हिला. नाहीतर माझ्या भावाला कुठली हौस! पोर मोठी होईपर्यंत कुणीतरी बघायला नको का?" बाबा कपबशी खाली ठेवून काहीतरी बोलायला गेले, पण ते बोलायला जाईपर्यंत नेहमीच विषय निघून गेलेला असायचा. मावशी नुसती मान डोलावत होती. फोनवर "येस, मॅडम" म्हणताना डोलवायची तशीच.

दुसऱ्या दिवशी तिनं घरातल्या सगळ्या चादरी काढल्या. आपल्याकडे खोल्यांना नंबर नाहीत, म्हणून तिनं चित्रं ठरवली. बाबांच्या चादरीला लाल किल्ली. माझ्या चादरीला लाल पान. मग ट्रंकेच्या तळाशी आईची शाल सापडली, तिच्या कोपऱ्यात तिनं चंद्रकोर भरली. मी शेजारी बसून दोरा ओवून देत होते. शाल तिनं पुन्हा नीट घडी करून कपाटात, मधल्या कप्प्यात ठेवली. तिची स्वतःची चादर मात्र तशीच राहिली.

"तुझ्या चादरीला काय काढणार?"

"माझ्या कशाला? साधी तर आहे. कुणी आलंगेलं तर उपयोगी पडेल."

असं घर होतं आमचं. गेलेल्या बाईला खूण, आणि असलेल्या बाईला नाही.

हळूहळू मला बाकीचंही दिसायला लागलं. ती सकाळी उठली की अंथरुणाची वळकटी करून दाराजवळ ठेवायची, पलंगाखाली भरपूर जागा असताना. तिची ट्रंक कधी पूर्ण उघडली नाही. लागेल ते वरचं काढायचं, धुऊन पुन्हा तिथेच ठेवायचं. कपाटातला एक कप्पा बाबांनी तिच्यासाठी रिकामा केला होता. तो वर्षानुवर्षं रिकामाच राहिला आणि ती न चुकता तो पुसायची. आम्हा दोघांचं तिनं काही म्हणता काही कमी केलं नाही. माझ्या तापात रात्ररात्र उशाशी बसली, माझ्या परीक्षांना माझ्याआधी उठली, बाबांच्या पाठीला शेक दिला, त्यांच्या कंटाळवाण्या कुलपांच्या गोष्टी ऐकून घेतल्या. फक्त स्वतः कुठे टेकली नाही.

बाबांना हे कळत होतं. त्यांनी त्यांच्या परीनं उपाय केला. आमच्या दाराची एक नवी किल्ली घडवली, कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि तिच्या हातात ठेवली. "ही तुझी."

"असू दे स्पेअर म्हणून," ती म्हणाली आणि किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली.

त्यानंतरही ती संध्याकाळी कामावरून आली की दारावर टकटक करायची. दोनदा, हलक्या हातानं, हॉटेलात खोलीबाहेर उभं राहून करतात तशी. बाबा उठायचे. मला उठू द्यायचे नाहीत. दार उघडून म्हणायचे, "कोण पाहुणे आले बुवा?" ती खळखळून हसायची आणि चपला कोपऱ्यात, अगदी कडेला काढायची. मला त्या हसण्याचा राग यायचा. वाटायचं, दोघांनाही गदागदा हलवावं. पण संध्याकाळचा उजेड दारातून तिच्यामागून आत यायचा, बाबा हात आडवा धरून दार उघडं ठेवायचे, आणि ते सगळं इतकं छान दिसायचं की माझा राग कुठल्या कुठे जायचा. अशी किती वर्षं गेली कुणास ठाऊक. अजूनही कधी झोपेत मला ती टकटक ऐकू येते.

बाबा दुकानातच गेले. कानस हातात होती. मी तेव्हा शाळेत नोकरीला लागले होते. माणसं आली, रडली, गेली. घरात आम्ही दोघी उरलो. संध्याकाळची टकटक झाली की आता मी उठायची, पण बाबांचा विनोद माझ्या तोंडून यायचा नाही. मी बाजूला व्हायची आणि ती चपला कडेला काढायची.

मग एक दिवस मामाचा फोन आला. मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ, दुसऱ्या गावी माल वाहतुकीची गाडी चालवणारा, मनानं मोकळा. तो तिला न्यायला येणार होता. "आक्का, आता तिथे तुझं काय राहिलंय? पोरगी कमावती झाली. ये घरी." मावशी म्हणाली, "खरंय तुझं." एवढंच. कुणीतरी ब्लँकेट मागावं आणि तिनं होकार द्यावा, तसं.

जेवताना तिनं मला सांगितलं. आवाजात रडणं नव्हतं, रुसवा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"तुझं सगळं मार्गी लागलं बघ. मी ज्यासाठी आले होते ते झालं."

"म्हणजे काय? तू काय एक्स्ट्रा बेड आहेस?"

ती हसली. "शिकवलेलं लक्षात आहे तर. मग हेही लक्षात असेल, गरज सरल्यावर तो खोलीत ठेवत नाहीत. उगाच पायात येतो."

मी ताट बाजूला सारलं. राहा म्हटलं तर ती राहिलीही असती. पण पाहुण्याची मागणी म्हणून राहिली असती, आणि वळकटी दाराजवळच राहिली असती. मला ते नको होतं. मला ती घरात हवी होती. मला आईनंतर ही एकच आई मिळाली होती, आणि ती उद्या ट्रंक घेऊन निघणार होती.

दुसऱ्या दिवशी मामा सकाळीच आला. मावशी त्याला चहा देऊन लिनन रूमच्या चाव्या परत करायला हॉटेलात गेली. वळकटी दाराजवळ तयार होती, ट्रंकही. मामा गाडीचं चाक बघायला खाली उतरला. मी वळकटी सोडली. चादर काढली. तिचा दोऱ्याचा डबा ट्रंकेत वरच होता.

काय भरायचं याचा मी फार विचार केला नाही. किल्ली बाबांची. चंद्रकोर आईची. मी माझंच पान भरायला घेतलं, तस्संच आणखी एक. ते काही मला धड येईना. लहानपणी मी नुसता दोरा ओवून द्यायची, टाका तिनं कधी घालू दिला नव्हता. बोटाला सुई टोचली, पानाला एका बाजूनं पोट सुटलं, देठ भलतीकडेच गेला. जरा पुसट दिसतंय म्हणून वरून पुन्हा टाके घातले, तर गुंताच झाला. इतक्यात दारावर टकटक झाली.

मी दार उघडलं. चादर माझ्या हातातच होती. मागोमाग मामाही वर आला.

मावशीनं चादर घेतली. खिडकीपाशी जाऊन कोपरा उजेडात धरला. कितीतरी वेळ ती पाहत होती. खालून कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज येत होता, आणि मला ती तळघरातली खिडकी आठवली, ते पाय, त्या सावल्या. वाटलं, आता फोन वाजेल.

"हे काय आहे? झुरळ?" तिनं विचारलं.

"पान आहे."

"टाके किती सैल! एका धुण्यात जाईल हे." तिनं डब्यातून सुई काढली आणि माझं पान उसवायला लागली. एकेक टाका सुईच्या टोकानं उचलायचा, तोडायचा, ओढून काढायचा. लाल दोऱ्याचे तुकडे फरशीवर पडत होते. मला वाटलं, संपलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

कोपरा पुन्हा कोरा झाला. सुईची बारीक भोकं तेवढी राहिली. मामानं वाकून ट्रंकेची कडी धरली. "आक्का, ही गाडीत टाकू ना?"

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "तुझी चादर आण गं," ती मला म्हणाली.

"का?"

"आण म्हटलं ना. माप नको का घ्यायला? एका घरातली दोन पानं लहानमोठी असून कसं चालेल?"

मी माझ्या पलंगावरची चादर ओढून आणली. तिनं दोन्ही कोपरे मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. माझं पान धुऊन धुऊन विटलेलं, गुलाबी झालेलं. तिनं सुई माझ्यापुढे केली, आणि मी लहानपणीसारखा दोरा ओवून दिला. तिनं पहिला टाका घातला.

मामा ट्रंकेची कडी धरून तसाच ओणवा उभा. "आक्का? निघायचं ना?"

"हातातलं काम होऊ दे रे," ती म्हणाली. दोऱ्याचं टोक तिच्या ओठांत होतं. "चहा घे अजून. ती देईल तुला."

मामानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कडी सोडली, ट्रंक पायानं हळूच आत सरकवली आणि तिच्यावरच बसून घेतलं. "मोअर साखर टाक गं," तो मला म्हणाला. त्याचं सगळं इंग्रजी तेवढंच होतं.

पान भरून झालं तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. मावशीनं दोरा दातानं तोडला, चादरीची घडी घातली, आणि कपाटातल्या त्या रिकाम्या कप्प्यात ठेवली. मग एकदम कपाळावर हात मारून घेतला. "आणि चाव्या! चाव्या देऊन बसले की मी सकाळी! आता परत मागितल्या तर मॅनेजर काय म्हणेल?" चपला घालून ती लगबगीनं निघाली. ती गेली आणि मामा ट्रंकेला पाठ टेकून घोरायला लागला.

संध्याकाळ झाली. घरात तो जुना उजेड आला, दाराच्या फटीतून येणारा. मी चहा टाकून टकटक ऐकायला कान लावून बसले. जिन्यावर पावलं वाजली, दारापाशी थांबली. मी उठले. टकटक झाली नाही. मी थबकले. दारामागच्या खिळ्याकडे माझं लक्ष गेलं, तर तो रिकामा. आणि कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला, जरा अडखळत, मग पुन्हा.

दार उघडलं. मावशी आत आली, किल्ली हातातच, कपाळाला आठ्या.

"आपलं कुलूप फार जड झालंय गं," ती म्हणाली. "तेलाची बाटली कुठे ठेवायचे हे?"